उसनं नाक

दूध करपलं त्या दिवशी रंगारीणला पहिल्यांदा शंका आली.

रविवारची सकाळ होती. गॅसवर दूध ठेवून ती गच्चीत कपडे वाळत घालायला गेली आणि शेजारणीशी बोलण्यात अडकली. खाली येताना जिन्यातच करपट वास नाकात शिरला. धावत आत आली तर पातेलं काळंठिक्कर पडलेलं, दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलेलं, आणि तिथून दोन हातांवर टेबलाशी तिचे सासरे पेपर घेऊन बसलेले. शब्दकोड्यात गुंग.

"बाबा! दूध!"

त्यांनी मान वर केली. आधी तिच्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. "अरेच्चा," ते म्हणाले. "लक्षच गेलं नाही बघ."

लक्ष न जाण्याचा प्रश्नच नव्हता. वास इतका होता की शेजारणीने गच्चीतून हाक मारून विचारलं, काय जळतंय म्हणून. रंगारीणने खिडक्या उघडल्या आणि पातेलं भिजत घातलं. दिवसभर ते डोक्यातून जाईना. कारण या घरात नाक म्हटलं की सासऱ्यांचं. ते डोळ्यांचे डॉक्टर होते. हजारो लोकांचे मोतीबिंदू काढून निवृत्त झाले होते. पण ओळखीपाळखीत त्यांचं नाव होतं ते नाकासाठी. घराखाली त्यांचं तळघर होतं, आणि तळघरात फ्रान्सच्या तांबड्या वाईनच्या सहाशेच्या वर बाटल्या आडव्या झोपलेल्या होत्या. डावीकडे बोर्दो प्रांतातल्या, उजवीकडे बर्गंडीतल्या. तरुण आणि तुरट असताना विकत घ्यायच्या, थंड अंधारात ठेवायच्या आणि पंधरा-वीस वर्षं हात लावायचा नाही, हा त्यांचा छंद. पिकलेली बाटली उघडली की ग्लासात नाक घालून ते वाईनची सगळी कुंडली मांडत. त्यांचे वकील मित्र तोंड उघडं टाकून ऐकत बसत.

रंगारीण हे नाव तिला डॉक्टरांनीच दिलेलं. ती रंगाच्या कारखान्यात रंग जुळवायची. कुणी जुन्या दाराचा टवका घेऊन येई, कुणी पडद्याचा तुकडा, आणि तोच रंग डब्यात उतरवायचं काम तिचं. संध्याकाळी घरी आली की अंगाला थिनरचा वास असे. पेपरामागून डॉक्टर न बघताच म्हणत, "आली का टर्पेंटाईनची बाटली?" लग्न झाल्यापासून हा विनोद रोज ऐकून तिचे कान किटले होते.

भांडी घासता घासता तिच्या एकदम लक्षात आलं. हा विनोद तिने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. थंडीत डॉक्टरांना मोठी सर्दी झाली होती, त्यानंतर एकदाही नाही.

तिच्या धंद्यात कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाहीत. गिऱ्हाईक म्हणतं फिका पिवळा, आणि त्याच्या मनात असतो पेंढ्याचा रंग. म्हणून आधी नमुने समोर ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तिने तेच केलं. तीन लहान वाट्या घेतल्या. एकीत नुसतं पाणी, दुसरीत पाण्यात गुलाबपाणी, तिसरीत व्हॅनिलाचे थेंब. डॉक्टर कॉफी पीत बसले होते. त्यांच्यासमोर वाट्या ओळीने ठेवून ती म्हणाली, "बाबा, यातली कुठली ओळ वाचता येतेय?"

डॉक्टरांनी आयुष्यभर हाच प्रश्न भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवून लोकांना विचारला होता. त्यांना हसू आलं. मग ते हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी पहिली वाटी उचलून हुंगली, मग दुसरी, मग तिसरी. सावकाश, जराही लबाडी न करता.

"तिन्ही पाणी," ते म्हणाले.

रंगारीण समोरच्या खुर्चीवर बसली. "कधीपासून?"

"त्या सर्दीपासून. आधी वाटलं नाक चोंदलंय. मग नाक मोकळं झालं, तरी काही नाही. माझ्या ओळखीच्या कान-नाकवाल्याला दाखवून आलो. तो म्हणाला, वासाच्या नसा गेल्यात. परत येतील, किंवा येणार नाहीत."

"आणि परवा वकीलकाकांसमोर ते देवदार, तंबाखू, काय काय सांगत होतात ते?"

"पाठ होतं. तीच वाईन मी आधी प्यायलो होतो."

तिला हसावं की रडावं कळेना. "पण आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगायला हरकत नव्हती. पण चिरंजीवांना कळलं असतं." चिरंजीव म्हणजे डॉक्टरांचा मुलगा, तिचा नवरा. लिफ्टची तपासणी करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. "तो आधी गॅसचा अलार्म बसवेल. मग मला स्वयंपाकघरात एकटं सोडणार नाही. मग म्हणेल, बाबा, आता त्या बाटल्यांचं काय करायचं? आणि प्रत्येक बाबतीत त्याचं बरोबर असेल. मला ते बरोबर ऐकायचं नव्हतं." कॉफीचा कप त्यांनी बाजूला सरकवला. "दवाखाना सुटला तेव्हा म्हटलं, हरकत नाही, नाक आहे. आता नाकही गेलं म्हटल्यावर मी नेमका कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ते ठरेपर्यंत गप्प राहा. एवढं कर माझ्यासाठी."

तिने कबूल केलं. ती उठली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "एक विचारू? तुझं नाक कसं आहे?"

शनिवारी संध्याकाळी ती पहिल्यांदा तळघरात उतरली. इतकी वर्षं या घरात राहून तिने तो दरवाजा फक्त बाहेरून पाहिला होता. आत गार होतं, पण फ्रिजसारखं कोरडं नाही. दगडी फरशी, एक पिवळा दिवा, कोपऱ्यात हवा थंड ठेवणारं यंत्र घुमत होतं. लाकडी घडवंच्यांवर बाटल्या, तोंडं बाहेर.

"आडव्या का?" तिने विचारलं.

"बूच ओलं राहायला हवं. वाळलं की आक्रसतं, आणि हवा आत घुसते."

"अंधार का?"

"उजेडाने वाईन थकते."

"आणि यांच्यावरची धूळ का नाही पुसत?"

"आळस," डॉक्टर म्हणाले. "लोकांना वाटतं त्यातही काही शास्त्र आहे. वाटू दे."

एक बाटली त्यांनी गाळ तळाला बसावा म्हणून आदल्या दिवसापासून उभी करून ठेवली होती. बूच काढायला त्यांच्याकडे दोन पातळ पात्यांचं हत्यार होतं. बुचाच्या दोन्ही बाजूंनी ती पाती अलगद आत सरकवत, किंचित डावी-उजवीकडे करत, त्यांनी ते जुनं बूच अख्खं बाहेर काढलं. हात जराही थरथरला नाही. मोतीबिंदू असाच काढत असणार, तिच्या मनात आलं. मग दिव्याच्या उजेडात बाटलीचा गळा धरून त्यांनी वाईन काचेच्या जगमध्ये ओतली, आणि गाळाची काळी रेघ गळ्याशी आल्याबरोबर थांबले.

"हं," त्यांनी तिच्या हातात ग्लास दिला. "सांग."

"लाल आहे."

"ते मलाही दिसतंय. डोळे शाबूत आहेत माझे."

तिने पर्समधून पांढरं कार्ड काढलं. रंग बघायचा तर पांढऱ्यावर, ही तिची सवय. ग्लास तिरका करून तिने कार्डावर धरला. "मधे डाळिंबासारखा आहे, पण कडेला नाही. कडेला विटेकडे झुकतोय. कुणी हा रंग मागितला तर मी लालात थोडा गेरू घालेन, काळ्याला हात लावणार नाही."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "ती वीट म्हणजे वय. तरुण असताना कडेपर्यंत जांभळी होती. आता हुंग."

तिने हुंगलं. "वाईनचा वास येतोय."

"रंगारीणबाई, कुणी तुमच्याकडे आलं आणि म्हणालं, मला रंगाचा रंग द्या, तर काय द्याल?"

तिला हसू फुटलं. मग तिने डोळे मिटले आणि पुन्हा ग्लासात नाक घातलं. आधी नुसतं आंबूस. त्यामागे काहीतरी होतं, ओळखीचं, पण नाव सापडेना. चेहरा आठवावा आणि नाव जिभेवर येऊ नये तसं झालं. ती थांबून राहिली.

"पेन्सिल," ती एकदम म्हणाली. "टोक केल्यावर शार्पनरमध्ये उरतं ना, ते. लाकूड आणि शिसं."

डॉक्टरांनीही डोळे मिटले होते. "पुढे."

"कुठलंतरी काळं फळ. ताजं नाही, जॅम करून ठेवलेलं, आणि बरणीचं झाकण नुकतंच उघडलंय. आणि चामड्याची बॅग. नवी नाही, वापरलेली. आत चिल्लर ठेवून ठेवून वास लागलेली."

डॉक्टरांनी डोळे उघडले. मग त्यांनी आपला ग्लास उचलून घोट घेतला. "मला काय लागतं सांगू? आंबट, तुरट, जरासं कडू. संपलं. कुणीतरी गाणं लावलंय आणि मला भिंतीपलीकडून फक्त ठेका ऐकू येतोय." ग्लास त्यांनी हातात फिरवला. "ही घेतली तेव्हा घोट गिळवत नव्हता, इतकी तुरट होती. विकणारा म्हणाला, घरी न्या आणि विसरून जा. मी विसरलो. आता ही पिकली, आणि बघ."

त्यानंतर दर शनिवारी ते दोघं खाली जाऊ लागले. ती आधी त्यांच्यासाठी जात होती. पण लवकरच तिचं तिलाच चैन पडेना. बंद बाटलीत, अंधारात, कुणी हात लावत नसताना हे बदलतंच कसं? तुरटपणा जातो कुठे? डॉक्टर सांगत, तुरट कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. तोच गाळ.

"रंगही डब्यात असाच बसतो," ती म्हणाली. "आम्ही ढवळतो."

"इथे ढवळशील तर घराबाहेर काढीन!"

तिला नवीनच वेड लागलं. ती सगळं हुंगू लागली. पुस्तकाची पानं, कारखान्यातली पोती, लिफ्टमधली माणसं. एका संध्याकाळी तिने नवऱ्याचा शर्ट हुंगला आणि म्हणाली, "वर ग्रीस, मधे साबण, आणि खाली गव्हाच्या पोत्याचा वास आहे तुला. इतकी वर्षं मला कळलंच नव्हतं."

"तू बरी आहेस ना?" चिरंजीवाने विचारलं.

तिच्या सांगण्यावरून डॉक्टरांनी नाकाचा व्यायामही सुरू केला. कान-नाकवाल्याने तो सुचवलाच होता, पण डॉक्टरांनी नाक मुरडलं होतं. चार कुप्या होत्या. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि तो वास मनात आठवायचा. कुप्या त्यांनी दाढीच्या डब्यात लपवल्या. रोज हुंगत आणि रोज म्हणत, पाणी.

एका शनिवारी मात्र दोघांचं वाजलं. बर्गंडीची बाटली होती, डॉक्टरांची लाडकी. रंगाने फिकी, ग्लासातून पलीकडचं बोट दिसावं इतकी. रंगारीण म्हणाली, "पालापाचोळा. जंगलात पाय रुतेल असा. आणि मशरूम."

"आणि गुलाब."

"गुलाब नाहीये, बाबा."

"असणारच. नीट हुंग."

"नीटच हुंगतेय."

"अगं, या वाईनची ओळखच गुलाब आहे! मी स्वतः..."

"गुलाब नाहीये. नाक माझं आहे, तुमचं नाही."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. डॉक्टर उठले आणि अर्धा ग्लास तसाच टाकून वर निघून गेले. दोन दिवस त्यांनी तिच्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती कामाला निघताना ते दारापाशी आले.

"ती वाईन मी शेवटची प्यायलो तेव्हा चिरंजीवांचं लग्नही झालेलं नव्हतं," ते म्हणाले. "तेव्हा गुलाब होता. वाईन पुढे गेली. मी तिथेच बसून राहिलो." आणि जरा थांबून, "मशरूम कसले? ताजे की वाळलेले?"

"वाळलेले," ती म्हणाली. "कोमट पाण्यात भिजत घातलेले."

"अस्सं," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

इकडे चिरंजीवाचा चेहरा मात्र दिवसेंदिवस उतरत होता. एका शनिवारी ती वर आली तर तो पलंगावर मोबाईल घेऊन बसला होता, पण स्क्रीन बंद होती.

"तुम्ही दोघं खाली नेमकं काय करता?"

"वाईन चाखतो. बाबा शिकवतात मला."

"बाबा शिकवतात." तो हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. "दिवसभर मी लोकांच्या लिफ्टमधून वर-खाली करतो. माझ्या स्वतःच्या घरात खाली काय आहे ते मला माहीत नाही. आई असेपर्यंत ती कधी गेली नाही, मला कधी बोलावलं नाही. लहान असताना एकदा बक्षीस मिळालं होतं मला, पोहण्याचं. दाखवायला धावत गेलो, दार उघडलं. तर म्हणाले, दार लाव, ऊब आत येतेय. मी बाहेर पायरीवर बसून राहिलो. बक्षीस घेऊन. त्या बाटल्यांसाठी वीस-वीस वर्षं थांबायची सबुरी होती गं या माणसाकडे."

तिला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. शब्द ओठांवर आला होता. पण दिलेलं वचन आड आलं, आणि ती नुसती त्याच्या शेजारी बसून राहिली. तो कूस बदलून झोपला.

सकाळी तिने डॉक्टरांना गाठलं. "बाबा, मला हे जमणार नाही. पुढच्या शनिवारपर्यंत तुम्ही त्याला सांगा. नाहीतर मी सांगेन." आणि मग, पायरीवर बसलेल्या त्या मुलाची गोष्टही सांगितली.

डॉक्टरांना तो दिवस आठवतच नव्हता. तेच त्यांना जास्त लागलं. "मी असं म्हणालो?" त्यांनी दोनदा विचारलं. "पोहण्याचं बक्षीस?"

शनिवार आला. डॉक्टर सकाळपासून अस्वस्थ होते. संध्याकाळी खाली गेल्यावर त्यांनी जी बाटली टेबलावर ठेवली ती बघून रंगारीणही चपापली. बोर्दोची, सगळ्यात वरच्या फळीवरची. दर वेळी तिच्यापाशी येऊन ते म्हणत, हिला अजून नको, अजून नको.

"आज का?"

"वर जाऊन बोलायचंय ना. आधी घशात काहीतरी चांगलं असू दे. मला नाही तर निदान तुला."

बूच सुरेख निघालं, अख्खंच्या अख्खं. रंगही सुरेख होता. दोन ग्लास भरले. तिने ग्लास नाकाशी नेला आणि तिचा हात थबकला. काहीतरी चुकलं होतं. हे कसं सांगायचं, याची ती मनात जुळवाजुळव करू लागली.

डॉक्टरांनी इतक्या वर्षांच्या सवयीने आपला ग्लास हुंगला. ते पिणार, तोच थांबले. पुन्हा हुंगलं.

"थांब," ते म्हणाले. "तू काही बोलू नकोस." तिसऱ्यांदा हुंगलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. "कुबट. रंगारीणबाई, कुबट येतोय का?"

"हो बाबा." तिला बाटलीचं वाईट वाटत होतं, आणि ते काय म्हणाले हे अजून डोक्यात शिरलं नव्हतं. "ओल्या पुठ्ठ्यासारखा. माळ्यावर भिजलेलं खोकं असतं ना..."

"खराब आहे!" डॉक्टर ओरडले. "बुचाला बुरशी लागलेली! अख्खी बाटली वाया! खराब आहे गं, खराब आहे!" आणि लग्नाच्या वरातीत नाचावं तसे ते त्या दगडी फरशीवर दोन्ही हात वर करून गिरकी घेऊ लागले. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने तोंडावर हात दाबला.

डॉक्टर ग्लास घेऊन जिना चढले. चिरंजीव बाहेरच्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होता. वडिलांनी ग्लास थेट त्याच्या नाकाखाली धरला.

"हुंग!"

"बाबा, मी पीत नाही हे तुम्हाला..."

"पिऊ नको. नुसता हुंग!"

त्याने हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "शी! हे काय आहे? पायपुसणं धुऊन न वाळवता कपाटात ठेवल्यासारखं."

"बरोब्बर!" डॉक्टरांनी त्याला मिठी मारली. ग्लास हिंदकळला आणि पांढऱ्या शर्टावर लाल डाग पडला. "अगदी बरोब्बर! मलाही तोच आला! आठ महिन्यांनी मला वास आला!"

"आठ महिन्यांनी म्हणजे?"

डॉक्टरांनी मिठी सोडली. मग उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. सर्दी, करपलेलं दूध, तीन वाट्या, शनिवार. चिरंजीवाने इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं आणि खुर्चीवर बसला. बायकोकडे बघून त्याने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मीच तिला सांगू नको म्हटलं," डॉक्टर मधे म्हणाले. "तिने गेल्या रविवारी मला दम दिला म्हणून आज सांगतोय."

"दुधाच्या ऐवजी नुसता गॅस चालू राहिला असता तर?"

"हो."

"हो काय, बाबा?"

"तुझं बरोबर आहे. बरोबर असणार हे माहीत होतं म्हणूनच सांगितलं नाही." डॉक्टर त्याच्या समोरच्या स्टुलावर बसले. गुडघ्यांवर हात ठेवून, पेशंटसारखे. "आणि ते पोहण्याचं. मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला, नाही आठवलं. पण तू म्हणतोस म्हणजे झालं असणार. वाईट केलं मी."

चिरंजीव बराच वेळ शर्टावरच्या डागाकडे बघत होता. राग होता, तो गेलेला नव्हता. पण त्याला काय वाटतंय हे त्याचं त्यालाच धड कळत नसावं. शेवटी तो उठला.

"मला खाली बघायचंय," तो म्हणाला.

तिघं खाली गेले. चिरंजीवाने आधी बाटल्यांकडे पाहिलंच नाही. तो सरळ कोपऱ्यातल्या यंत्राकडे गेला, त्याला कान लावला, मागचं झाकण काढून आत डोकावला. "याचा पट्टा झिजलाय. उन्हाळ्यात बंद पडलं असतं हे. कुणी बघतं की नाही?" मग छताचे पाइप, मग दाराची फट. सगळी तपासणी करून झाल्यावर तो घडवंच्यांपाशी आला आणि त्याचा आवाज जरा खाली आला. "इतक्या आहेत?"

"निवड एक," डॉक्टर म्हणाले. "तुला हवी ती. आज उघडू."

त्याने खूप वेळ घेतला. नावं वाचून उपयोग नव्हता, म्हणून तो लेबलांवरची चित्रं बघत गेला. वाडे, फाटकं, द्राक्षांचे वेल. शेवटी अगदी खालच्या फळीवरची एक बाटली त्याने उचलली. लेबलावर छोटी होडी होती.

"ही."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. रंगारीणनेही. खालची फळी म्हणजे नुकत्याच आणलेल्या तरुण बाटल्यांची, हे तिला आता माहीत होतं.

"काय झालं?" चिरंजीवाने विचारलं.

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "उघड."

त्याने स्क्रू वाकडा घातला. बूच निम्म्यात तुटलं. उरलेलं त्याने आतच ढकललं, आणि डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले, पण चकार शब्द काढला नाही. ग्लास भरले. रंग कडेपर्यंत गडद जांभळा, शाईसारखा. तिघांनी एकदम घोट घेतला आणि तिघांची तोंडं एकदम वाकडी झाली. जीभ टाळ्याला चिकटली, हिरड्या आवळल्या.

"हे?" चिरंजीव कसाबसा म्हणाला. "यासाठी तुम्ही अख्खं आयुष्य घातलंत?"

रंगारीण आधी हसली. मग डॉक्टर हसले, आणि मग त्यालाही आवरेना.

"ही दहा वर्षांनी पिकेल," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू परत ठेवली असतीस."

उरलेली वाईन त्यांनी जगमध्ये ओतली आणि तो जग वर नेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. हवा लागली तर तुरटपणा कदाचित उतरेल, डॉक्टर म्हणाले, नाहीतर ओतून देऊ.

रविवार असूनही चिरंजीवाला तपासणीला जायचं होतं, म्हणून सकाळी रंगारीण त्याचा डबा भरत होती. डॉक्टर कॉफी समोर ठेवून कपाळाला आठ्या घालून बसले होते. "जळकं रबर," ते म्हणाले. "कॉफीला जळक्या रबराचा वास येतोय. लिंबालाही तोच. नसा परत जुळतायत, पण तारा उलट्यासुलट्या जोडल्या गेल्यात वाटतं." हे सांगताना ते वैतागलेले नव्हते. उलट, एखादी अवघड केस हाती आल्यासारखे पुढे वाकून बसले होते. "पुढच्या आठवड्यात कशाचा काय होतो बघू."

चिरंजीव बॅग खांद्याला लावून आला. रात्रीचा राग थोडा शिल्लक होता. वडिलांशी काही न बोलता तो दाराकडे निघाला, पण टेबलापाशी थांबला. जगमधली वाईन थोडी ग्लासात ओतून त्याने ग्लास नाकाशी धरला.

"हा कालचा वास नाही," तो म्हणाला.

रंगारीणने हातातलं काम थांबवलं. डॉक्टर कॉफी विसरले.

"म्हणजे कसा?" त्यांनी विचारलं. "मला विचारू नको, माझ्याकडे रबर आहे. तू सांग."

बाहेर ऑफिसच्या गाडीने हॉर्न दिला. चिरंजीवाने नाक ग्लासातून काढलं नाही. त्याचे डोळे मिटलेले होते आणि कपाळावर बारीक आठी होती. शब्द अगदी तोंडाशी आला होता, पण हाताला लागत नव्हता. हॉर्न पुन्हा वाजला.

"अरे, काय येतंय?" डॉक्टरांना धीर धरवेना.

"थांबा ना, बाबा," तो म्हणाला. "सांगतो."